वस्तीच्या आराखड्यासाठी गल्लीत गाळा उघडताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

रस्त्यालगतचा एखादा गाळा भाड्याने घ्यायचा, भिंतीवर चौकाचा किंवा बागेचा आराखडा लावायचा आणि बाहेर ‘या, सूचना द्या’ असा फलक ठेवायचा. महिन्याभरात तो गाळा ओस पडतो. मग आयोजक म्हणतात, लोकांना काही पडलेलीच नाही. बहुतेक वेळा खोट क्रमात असते. आराखडा आधी होतो, गाळा नंतर येतो आणि लोकांना बोलावणं जातं ते शेवटी, मान डोलवायला. लोकांना हे दारातूनच कळतं.

आर्किटेक्ट, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, मंडळ किंवा सोसायटी, कुणीही असा गाळा चालवू शकतं. खालचा क्रम नाशिक डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे.

१. गाळा शोधण्याआधी प्रश्न कागदावर घ्या

एका फुलस्केपवर तीन रकाने आखा: ठरलेलं, न ठरलेलं, आपल्या हातात नसलेलं. समजा सिडकोने (सरकारी नगरविकास महामंडळाने) नाशकात वसवलेल्या सहापैकी एखाद्या योजनेतला मोकळा भूखंड आहे. तो मोकळाच राहणार, हे ठरलेलं. बाक कुठे, दिवे कुठे, फाटक किती वाजता बंद, पोरांचं क्रिकेट आणि ज्येष्ठांची फेरी एकत्र कशी बसवायची, हे न ठरलेलं. कोपऱ्यातली महावितरणची डीपी (वीज वाटपाची पेटी) आणि निधी कधी येणार, हे हातात नसलेलं.

मधल्या रकान्यात तीन-चार खऱ्या गोष्टी निघाल्या नाहीत तर गाळा घेऊच नका. एक बैठक घ्या, माहिती द्या, भाडं वाचवा. जे ठरून गेलंय त्यावर मत मागण्याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही.

त्याच कागदावर अंतिम सही कुणाची, हेही लिहा. सार्वजनिक जागा असेल तर महापालिकेची; शहराच्या सहा विभागीय कार्यालयांपैकी तुमचं कोणतं, ते आताच बघून ठेवा. जुन्या नाशकातला वाडा असेल तर मालक, त्यांचे वारस आणि भाडेकरू असा तिढा असतो. त्यातून वाड्याला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल, तर भाडेकरूचा पहिला प्रश्न ‘माझ्या खोलीचं काय?’ हाच असणार. तिथे नकाशाआधी वकील बसवा आणि प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून लेखी ठेवा.

तपासणी: तिन्ही रकाने वस्तीतल्या दोन अनोळखी माणसांना वाचून दाखवा. ‘मग आम्हाला विचारता कशाला?’ असं कुणी म्हणालं तर मधला रकाना कच्चा आहे.

२. माणसं आणि पैसे

तीन कामं तीन माणसांकडे द्या: दार उघडणारा, लिहून घेणारा आणि उत्तर आणणारा. तिसऱ्याला सगळे विसरतात. लोकांनी विचारलेल्या गोष्टीचा छडा महापालिकेत किंवा महावितरणमध्ये जाऊन लावणं हे त्याचं काम. दार उघडणारा त्याच गल्लीतला असावा आणि त्याला मानधन द्यावं. फुकट राबणारा कार्यकर्ता परीक्षा किंवा लग्नसराई आली की दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

ज्याला पुढे बांधकामाचं काम मिळू शकतं अशा ठेकेदाराचा किंवा बिल्डरचा पैसा घेऊ नका. बाकी कुणी भाडं भरत असेल तर नाव आणि रक्कम भिंतीवर लावा. घरोघर वर्गणी काढायची असेल तर गणपतीआधी मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, तो रस्ता तुम्हालाही आहे. वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक खात्यात नको.

३. गाळा निवडणं

लोक आधीच जिथे दोन मिनिटं थांबतात तिथला गाळा बघा. पिठाच्या गिरणीशेजारचा उत्तम: दळण होईपर्यंत माणूस रिकामा उभा असतो. डेअरी, मेडिकल, रेशन दुकान यांच्या आसपासचाही चालेल. हमरस्त्यावरचा झगमगीत गाळा नको, तिथे वस्तीचं कुणी थांबत नाही. पूर्वी एखाद्या पक्षाचं संपर्क कार्यालय असलेला गाळा फुकट मिळाला तरी सोडून द्या. अर्धी गल्ली त्या पायरीवर पाय ठेवणार नाही.

दहा बाय पंधरा फूट पुष्कळ झालं. मोठ्या गाळ्यात चार माणसं आली तर रिकामं वाटतं, लहानात तीच गर्दी दिसते. जवळपास वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, बघा. ते नसेल तर बायका तासभरही बसणार नाहीत आणि कारण सांगणारही नाहीत. शटर पश्चिमेला असेल तर एप्रिलमध्ये दुपारी तिथे उभं राहून बघा.

गोदाकाठी, सराफ बाजार, भांडी बाजार किंवा दहीपुलाच्या बाजूला गाळा बघत असाल तर पाण्याची चौकशी आधी करा. या भागाखालून सरस्वती नाला वाहतो. नदीला पूर नसतानाही जोराच्या पावसात इथे पाणी तुंबतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की इथले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. शेजाऱ्याला ‘पाणी येतं का?’ असं विचारलं तर उत्तर मोघम मिळेल. २००८, २०१६ आणि २०१९ ला कुठपर्यंत आलं होतं, असं विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. शटरच्या खालच्या पट्ट्याही बघा. गंज एका आडव्या रेषेपर्यंतच चढलेला असेल तर ती पाण्याची खूण समजा, आणि कागद, मॉडेल, विजेचे बोर्ड सगळं त्याच्या वर ठेवा.

तारखाही बघा. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी (जमिनीतले रंगाचे हौद) उघडतात, चैत्रात कामदा एकादशीला रथ निघतात, गणपती आणि नवरात्रात मंडळाची पोरं मोकळी नसतात. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी आणि रामकुंड परिसरात रस्त्यांवर बंदोबस्त असणार, त्या काळात तिथे काही मांडू नका.

४. करार आणि कागद

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात ते चूक आहे. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर काढतात. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. हे काम ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो.

करारात एक ओळ मागून घ्या: ‘जागेचा वापर बैठका, प्रदर्शन व नागरिकांच्या चर्चेसाठी होईल.’ नुसतं ‘ऑफिस’ लिहिलंत आणि तिथे साठ माणसं जमली, तर शेजारचा दुकानदार तक्रार करतो आणि मालक हात वर करतो. भिंतीला खिळे चालतील का, रंग कुणी द्यायचा, शटरची दुसरी किल्ली कुणाकडे, हेही लिहून घ्या.

विजेचं बिल स्वतः वाचा. घरगुती जोडणीवर गाळा चालत असेल तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. तुमच्या आर्किटेक्ट ऑफिसचं कामही तिथूनच चालणार असेल तर दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ लागू होतो. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देणं पुरतं. लोक तिला अजूनही ‘गुमास्ता’च म्हणतात.

पाटीबद्दल दोन गोष्टी. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. आणि तिच्यावर कामाचं नाव लिहा, फर्मचं नको. आर्किटेक्टच्या व्यावसायिक वर्तनाचे १९८९ चे विनियम सेवेच्या जाहिरातीवर मर्यादा घालतात, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: फर्मचं नाव दिसलं की लोकांना वाटतं, इथे फ्लॅट विकतात. विद्यार्थ्यांनी स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवू नये. आर्किटेक्ट अधिनियम १९७२ नुसार ते नाव नोंदणी झालेल्यांनाच वापरता येतं.

सावधान: आत टेबल, रॅक, रंग यांना परवानगी लागत नाही. पोटमाळा घालणं, भिंत पाडणं, शटरबाहेर पक्का ओटा किंवा पत्रा वाढवणं हे बांधकाम आहे. चौकातल्या अतिक्रमणावर चर्चा घ्यायची आणि आपलंच टेबल फूटपाथवर, असं होऊ देऊ नका.

५. गाळा लावणं

टेबल दारापासून तीन-चार फुटांत ठेवा. आत भिंतीशी ठेवलं तर माणसाला ‘आत जायला’ लागतं, आणि आत जाणं म्हणजे काहीतरी काम असणं. चप्पल न काढता, पिशवी खाली न ठेवता बघता आलं पाहिजे.

पायरी असेल तर उचलून ठेवता येणारा रॅम्प करून घ्या. उतार १:१२ हवा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. इतकी जागा बाहेर नसेल तर दुसरा गाळा बघणं बरं. तीन फुटांच्या उभ्या फळीला रॅम्प म्हणणारे खूप भेटतात, त्यावरून व्हीलचेअर नेऊन दाखवा म्हणावं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. नकाशा भिंतीवर उत्तर वर ठेवून लावू नका. टेबलावर आडवा पसरा आणि बाहेरचा रस्ता ज्या दिशेने जातो त्याच दिशेने फिरवून ठेवा. दारात उभ्या माणसाच्या डाव्या हाताला गिरणी असेल तर नकाशातही ती डावीकडेच दिसली पाहिजे. प्लॉट नंबर पुसून टाका. पिंपळ, पाण्याची टाकी, दत्त मंदिर, इस्त्रीवाला अशी नावं घाला. एवढ्यानेच लोक बोट ठेवून बोलायला लागतात.

वहीत चार रकाने पुरेत: तारीख, गल्ली, काय म्हणाले, काय उत्तर दिलं. फोन नंबर ऐच्छिक ठेवा. आधार कुणाचंही मागू नका.

वेळ ठरवताना वस्ती बघा. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत शिफ्टप्रमाणे माणसं भेटतात, एकच संध्याकाळची वेळ ठेवली तर दुसऱ्या शिफ्टवाला कधीच येणार नाही. पंचवटीत गोदाघाटावर बुधवारचा बाजार असतो, त्या दिवशी वर्दळ आहे पण थांबायला कुणाला सवड नाही. बायका सहसा दुपारी तीन ते पाच मोकळ्या असतात. शटरवर लिहिलेली वेळ पाळलीच पाहिजे. दोनदा बंद शटर दिसलं की तिसऱ्यांदा कुणी वळून बघत नाही.

६. आधी ऐकणं, रेषा नंतर

सुरुवातीला टेबलावर फक्त आहे तशी जागा दिसली पाहिजे. तुमची एकही नवी रेषा नको.

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न वर्ज्य करा. उत्तर ठरलेलं आहे: सीसीटीव्ही, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम. दुसरीकडे पाहिलेल्या गोष्टींची ती यादी असते. त्याऐवजी वापराबद्दल विचारा. काल संध्याकाळी इथून कशा गेलात? पावसात कुठे पाय घसरतो? घंटागाडी आली की कुठे उभ्या राहता? दिवाळीत पाहुण्यांची गाडी कुठे लागते?

‘मावशी, या कोपऱ्यात बाक टाकला तर?’

‘टाका की. पण सात वाजले की तिथे पोरं बसणार. मग आम्ही त्या बाजूनं जायचं बंद करू.’

हे वहीत असंच्या असं उतरवा. ‘महिलांच्या सुरक्षेचा मुद्दा’ असं सारांशात लिहिलंत तर तास, कोपरा आणि बाक तिन्ही गळून पडतात, आणि आराखडा नेमका त्या तिन्हींवर बेतायचा असतो.

कोण येत नाही, याची वेगळी यादी करा. भाड्याने राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका, हातगाडीवाले, सफाई कामगार, घंटागाडीचा ड्रायव्हर, शाळकरी मुलं. यांच्याकडे तुम्ही जायचं. हातगाडीवाल्याला बैठकीला बोलावलं तर तो येणार नाही. ‘हटवायला आले’ असंच त्याला वाटेल. त्याच्या गाडीपाशी, गिऱ्हाईक नसताना बोला. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार त्याला काही हक्क आहेत आणि तुमचा आराखडा त्याला परस्पर पुसू शकत नाही, हे तुम्हालाच आधी माहीत हवं.

तपासणी: वहीत एकाच गल्लीची, एकाच वयाची माणसं दिसत असतील तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

७. मोजणी

टेप घेऊन दोन-तीन स्थानिक पोरांसोबत जागा मोजा. चेंबरची झाकणं, नळाचे व्हॉल्व्ह, विजेच्या केबलच्या खुणा, गॅस पाइपलाइनचे दगड, झाडांचा घेर, पाण्याचा उतार, सगळं नकाशावर आणा. शक्य असेल तर एकदा पाऊस पडत असताना छत्री घेऊन उभे राहा. उतार कागदावर एक सांगतो आणि पाणी दुसरीकडे जातं.

८. पर्याय, पुठ्ठा आणि फक्की

आता रेषा काढा, पण किमान तीन पर्याय हवेत आणि तिन्ही तुम्ही खरोखर बांधायला तयार असाल असेच. एक देखणा आणि दोन मुद्दाम पडेल काढले तर लोकांना ते लगेच ओळखू येतं. प्रत्येकाखाली अंदाजे खर्च आणि दरवर्षी देखभाल कोण करणार, हे मोठ्या अक्षरात लिहा. कारंजं सगळ्यांना आवडतं; पंप कोण दुरुस्त करणार हे खाली लिहिलं की हात जरा थबकतो.

मॉडेल १:५० चं, म्हणजे प्रत्यक्षाच्या पन्नासाव्या भागाएवढं, पुठ्ठ्याचं करा. बाक, झाड, दिवा सुटे ठेवा, लोकांना हलवता आले पाहिजेत. चकचकीत रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेलं हुबेहूब चित्र, टाळा. त्यात सगळं झाल्यासारखं दिसतं आणि लोक फक्त रंगावर बोलतात.

मॉडेलवर समजूत पटली तरी थांबा. बांधकामाआधी साइटवर लाइनआउट (जमिनीवर आखणी) करतात तसं, दोरी लावून प्रत्यक्ष जागेवर फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, मारा. काटकोन ३-४-५ ने, म्हणजे तीन, चार आणि पाच फूट बाजूंच्या त्रिकोणाने काढा. बाकाच्या जागी विटा, झाडाच्या जागी बादलीत रोवलेला बांबू, कट्ट्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या आणि घंटागाडी, सिलेंडरचा टेम्पो, शाळेची रिक्षा यायच्या वेळी तिथे उभे राहा.

एका कॉलनीच्या कोपऱ्यावर आम्ही असा अर्धगोल कट्टा आखला होता, कागदावर तो सुरेख बसत होता. सकाळी घंटागाडी आली, ड्रायव्हरने खाली उतरून फक्कीकडे पाहिलं, काही न बोलता गाडी मागे घेतली आणि चौकातच उभी केली. सगळ्या गल्लीला बादल्या घेऊन तिथपर्यंत चालत जावं लागलं. त्या दिवशी कट्ट्याची त्रिज्या कुणाला समजावून सांगावी लागली नाही. बायकांनीच पायाने फक्की पुसून दोन फूट आत ढकलली.

रात्रीही एकदा बघा. दिव्याच्या जागी बांबूला बल्ब टांगून सावली कुठे पडते ते तपासा.

सावधान: वाहतुकीच्या रस्त्यावर हे करायचं असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना आधी लेखी कळवा. बंब आणि रुग्णवाहिकेची वाट एक तासही अडवू नका.

९. निर्णय आणि उत्तर

हात वर करून मतदान घेऊ नका. सून सासूसमोर आणि भाडेकरू घरमालकासमोर वेगळा हात वर करत नाही. चिठ्ठ्या ठेवा, डबा ठेवा, आणि दुपारी एकदा, रात्री एकदा अशा दोन वेळा द्या. मोठ्या आवाजाचे दोन-तीन काका प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना आदराने बोलू द्या, पण त्यांचंही वहीत एकदाच लिहा.

निकालाबरोबर वहीतल्या प्रत्येक सूचनेचं उत्तर भिंतीवर लागलं पाहिजे: ‘घेतली’, ‘घेता आली नाही, कारण अमुक’ किंवा ‘पुढच्या टप्प्यात’. ‘घेता आली नाही’ हे लिहायला आयोजक कचरतात. कारण दिलं तर नकार लोकांना चालतो. मौन चालत नाही.

१०. महापालिकेकडे

अर्जासोबत मोजणीचा नकाशा, निवडलेला पर्याय, इतिवृत्त, सह्या आणि राज्याच्या दरसूचीप्रमाणे (कामांच्या सरकारी दरांच्या यादीप्रमाणे) काढलेला खर्चाचा अंदाज जोडा. प्रत देऊन पोच आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी ‘साहेबांना सांगितलंय’ याला काही अर्थ नाही. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला होतं, म्हणून कागद दिवाळीच्या आसपास पोचलेले बरे. मध्ये आचारसंहिता लागली तर नवं काम मंजूर होत नाही, तेवढी मुदत हिशेबात धरा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात फाइल कुठे आहे ते विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

११. गाळा सोडणं

हे करारातली मुदत संपायच्या महिनाभर आधी सुरू करा. शटरवर तारीख लावा. वहीच्या आणि आराखड्याच्या दोन प्रती काढून एक जवळच्या वाचनालयात, एक मंडळाकडे ठेवा. ज्यांनी फोन नंबर दिले असतील ते प्रतींमधून झाका. देखभालीचा एक कागद वेगळा करा: फाटकाची किल्ली कुणाकडे, झाडांना पाणी कोण घालणार, दिवा बंद पडला तर तक्रार कुणी नोंदवायची. त्यावर त्या त्या माणसाची सही घ्या.

मालकासमोर मीटरचं रीडिंग फोटोत घ्या, शेवटचं बिल भरा, किल्ल्या दिल्याची सही घ्या आणि डिपॉझिट परत मिळाल्यावरच पाटी उतरवा. पाटीच्या जागी एक छापील कागद चिकटवा: अर्जाचा आवक क्रमांक, तारीख, प्रती कुठे बघायला मिळतील आणि पुढची चौकशी कुणाकडे करायची. पावसात टिकेल असा लॅमिनेट करून.